आईचं बोलणं बंद होतं त्या गणपतीत

बाबांना ऐकू येईनासं झालं ते एकदम नव्हे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते महाडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. आधी मागच्या बाकांवरची मुलं काय विचारतात ते कळेना, मग पुढच्या बाकांवरचीही. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी शाळेच्या ग्रंथालयात काढली. मुंबईहून कानाचं यंत्र आणलं होतं. खिशात डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. घरात तिघंच असलो की त्याचा उपयोग व्हायचा. गर्दीत मात्र माणसं आणि भांडी एकाच आवाजात बोलतात, असं ते म्हणायचे आणि डबीचं बटण बंद करून टाकायचे. कुणीतरी सांगितलं, महाडजवळ सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करा, कान मोकळे होतील. आई त्यांना तिथेही घेऊन गेली. परत आल्यावर बाबा म्हणाले, "पाठ मोकळी झाली."

खरी परीक्षा असायची ती गणपतीत. आमचा गणपती पोलादपूरच्या पुढे, डोंगरातल्या गावी, थोरल्या काकांकडे बसायचा. मुंबईची चुलत भावंडं, त्यांच्या बायका, पोरं, सगळी यायची. ओटीवर पाय ठेवायला जागा नसायची आणि सगळे एकदम बोलायचे. बाबा एका कोपऱ्यात बसून, दुसरे हसले की हसायचे. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याच्या आजारपणाचं बोलणं चाललं होतं. पलीकडे पोरं कशाला तरी हसली, म्हणून बाबाही हसले. काकांनी चमकून पाहिलं. बाबांना काय चुकलं ते कळलं नाही, पण काहीतरी चुकलं एवढं कळलं. ते उठून मागच्या दारी गेले आणि जेवायची हाक येईपर्यंत तिथेच पेरूच्या झाडाखाली बसून राहिले.

त्यानंतर आईने मनाशी काय ठरवलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षीपासून ती ओटीवर बाबांच्या शेजारी न बसता समोर बसायला लागली, चेहऱ्यावर उजेड येईल अशी. कानाशी ओरडणं तर सोडाच, तिने आवाजसुद्धा कधी चढवला नाही. दुसऱ्याचं वाक्य उचलायची आणि आपल्या वाक्यात घालून पुन्हा बोलायची, एवढंच.

"काय म्हणता भाऊजी, कशेडीत परत दरड आली? म्हंजे खेडची पावणी घाटातच अडकली म्हणायची!"

काकांनी आत्ताच तेवढं सांगितलेलं असायचं. पण आईच्या ओठांवरून बाबांना दरड कळायची, पाहुणे कळायचे आणि ते लगेच विचारायचे, "एका बाजूने तरी गाड्या सोडतायत का?" काका उत्तर द्यायचे, ते पुन्हा आईच्या तोंडून फिरून यायचं, आणि बाबा गप्पांत असायचे. हे इतकं बेमालूम चालायचं, की मुंबईची एक वहिनी मला म्हणाली, "काकूंना सगळं दोनदा बोलायची सवय आहे, नाही?" मी आईला सांगितलं. आईला फार हसू आलं. म्हणाली, "म्हनूं दे गो. बडबडी म्हनतील, आनकी काय!"

पुढे, मी पनवेलला नोकरीला लागले होते तेव्हाची गोष्ट. आईच्या घशात गाठ आली. साधीच निघाली, पण ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी ताकीद दिली, जखम भरेपर्यंत आवाज काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. त्यातच गणपती आले.

"या वर्षी राहू दे," बाबा म्हणाले. "तू बोलणार नाहीस, मला ऐकू येणार नाही. दोघांनी तिथे जाऊन करायचं काय?"

आईने नुसते ओठ हलवले. बाबांनी ते पाहिलं आणि मुकाट्याने पिशवी भरायला घेतली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मोदक कोण करणार."

ते खरंच होतं. काकींचे गुडघे गेले होते आणि नैवेद्याचं स्वयंपाकघर गेली कित्येक वर्षं आईच्या ताब्यात होतं. पण त्या दिवशी तिथे नुसता गोंधळ. आईने परातीकडे बोट दाखवून हात पसरला, तर एकीने मीठ आणलं, दुसरीने तूप. आई मान हलवत होती आणि वहिन्या एकमेकींकडे बघत होत्या. इतक्यात दारातून बाबांचा आवाज आला.

"ओलं फडकं मागतेय ती. उकड सुकतेय."

सगळ्या वळल्या. पुरुषमाणूस स्वयंपाकघराच्या दारात, तेही नैवेद्याच्या वेळी! आई आवाज न करता हसली आणि पुढचं बोलली. बाबांनी तेही सांगितलं. "मोदक इतक्यात ठेवू नका म्हणते. पाणी अजून उकळलं नाही."

काकी चुलीजवळ बसल्या होत्या. त्यांनी बाबांना हातानेही विचारलं आणि तोंडानेही. "भावजी, तुमाला कसं वो कळतं? आमाला नुसते व्हट हलताना दिसतात."

"वहिनी, मला इतकी वर्षं तेवढंच दिसतं," बाबा म्हणाले.

मग त्यांना पाटच मिळाला, दारातच. आईने बोलावं आणि बाबांनी मोठ्याने म्हणावं, असं चाललं. बाबांची भाषा मास्तरांची, शुद्ध. पण त्या दिवशी ते आईचं बोलणं जसंच्या तसं सांगत होते. "गो, पारी पातळ कर. ह्यो मोदक हाय का लाडू?" हे बाबांच्या तोंडून ऐकून वहिन्या हसून हसून परातीवर वाकल्या. बाबांना हसू ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यांना एवढं खुशीत मी गणपतीत कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ओटीवर मात्र प्रश्न आला. आता बाबांना कोण सांगणार? आईच्या जागेवर मी बसले. काकांनी कुडपणला आलेल्या बिबट्याची गोष्ट सुरू केली. काका गोष्ट सांगायला लागले की माणसं जेवण विसरायची. सगळे हसून लोटपोट झाले. मी बाबांना म्हटलं, "कुडपणला एका गोठ्यात बिबट्या शिरला होता."

"आणि त्याला सगळे हसले?" बाबांनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "थोडक्यात सांगू नकोस गं. तुझी आई थोडक्यात सांगत नाही."

मी पुन्हा प्रयत्न केला, पण तोवर काका पुढे गेले होते. ऐकायचं, लक्षात ठेवायचं, आपलंच बोलणं वाटेल असं बोलायचं, आणि मध्ये पुढचंही ऐकत राहायचं. आई हे वाढता वाढता, जेवता जेवता करायची. मी नुसती बसले होते तरी माझी दमछाक झाली.

तेव्हा बाबा पहिल्यांदाच सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, मला काही कळलं नाही. माझ्याकडे बघून पुन्हा सांग."

काका वळले आणि सुरुवातीपासून सांगू लागले. बाबा टक लावून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला.

"दादा, तुझ्या मिशा. ओठच दिसत नाहीत."

काकांच्या मिशा मोठ्या, झुपकेदार, पंचक्रोशीत प्रसिद्ध. काकांनी मिशीवरून हात फिरवला, एकदा आईकडे पाहिलं आणि दुसऱ्याच विषयावर गेले.

सकाळी आम्ही चहा घेत होतो, तर आतून काकींचा आरडाओरडा. "अवो, ह्ये काय केलंत? सणाचं ह्ये काय करून बसलात? लोकं इचारतील, घरात कोन गेलं!"

काका बाहेर आले. मिशी साफ उडवलेली. वरचा ओठ पांढराफटक, त्यांचा नसल्यासारखा. म्हणाले, "इचारलं तर सांग, कोन गेलं नाय. माजा भाव आला हाय."

मग ते बाबांसमोर मांडी घालून बसले आणि बिबट्या परत गोठ्यात शिरला. गोठ्याच्या मालकाला अंधारात वाटलं, आपलंच कुत्रं. तो काठी आपटत "हाड! हाड!" करत राहिला आणि बिबट्या बिचारा शेपूट घालून निघून गेला. काका "हाड" म्हणाले मात्र, बाबा आमच्या सगळ्यांच्या आधी हसले. आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय ते मला नीट दिसलं नाही.

पुढे आईचा आवाज परत आला, जरा घोगरा. काकांनी मिशी पुन्हा वाढवली, पण ओठाच्या वरच कातरून ठेवलेली, आणि ती तशीच राहिली. ओटीवर आता एकेकाने बोलायची पद्धत पडली. पोरंसुद्धा आधी बाबांच्या समोर येऊन उभी राहायची, मग तोंड उघडायची.

त्या वर्षी विसर्जन करून आम्ही पोलादपूरहून महाडच्या एसटीत बसलो. गाडी खच्चून भरलेली, खिडक्यांचा खडखडाट, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या मागच्या सीटवर होते. पुढे आई आणि बाबा एकमेकांकडे तोंड करून बसले होते. आई आवाज न करता भराभरा काहीतरी सांगत होती, सगळ्या गणपतीचं साठलेलं असावं. अख्ख्या गाडीत त्या दोघांच्याच गप्पा सुरळीत चालल्या होत्या. मध्येच बाबा मोठ्याने म्हणाले, "खरंच की! अगदी तुझ्या भावासारखा दिसतो!"

पुढे उभा असलेला कंडक्टर मागे वळून पाहायला लागला. आईने बाबांच्या हातावर चापटी मारली.