भाऊजींची नाववाली

माझे भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं आधी बटणं बडवतात, मग एकमेकांवर खापर फोडतात आणि शेवटी रडकुंडीला येतात. भाऊजी वर मशीनच्या खोलीत ब्रेक सोडून लिफ्ट हळूहळू मजल्याला आणतात आणि तेवढा वेळ फोनवरून आतल्यांना बोलण्यात गुंतवतात. "समजा, तुमच्यासमोर एक दार आहे. दारामागे कोणीतरी खोकतंय. काय कराल?" एकदा एका आजीबाईंची सुटका झाली तरी त्या बाहेर पाऊल टाकेनात. दारामागे कोण होतं ते आधी सांगा, म्हणाल्या.

ही खोड त्यांना त्यांच्या खेळामुळे लागली. तो खेळ मला आजवर नीट कळलेला नाही, पण कळला तेवढा सांगते. चारपाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही जंगलात आहात, अंधारून आलंय, पुढे वाट फुटते. बाकीचे एकेक सोंग घेतात, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक, आणि आपण काय करणार ते बोलून दाखवतात. जमलं की नाही ते फासे ठरवतात. बस, एवढंच. चांगले घोड्याएवढे बाप्ये रविवारची दुपार यात घालवतात. त्या काल्पनिक जगाची जाडजूड पुस्तकं एक कंपनी छापते. कुठल्या डोंगरात कोण राहतं, कुठला राक्षस कशाला घाबरतो, सगळं त्यात असतं. भाऊजी कायम सूत्रधार. स्वतः सोंग घेऊन ते कधी खेळले नाहीत, कारण सूत्रधार व्हायला दुसरं कोणी तयारच नसायचं.

खेळ त्यांच्या घरी चालायचा. माझी ताई शाळेत गणित शिकवायची. ती स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर तपासत बसायची आणि मान वर न करता टोमणे मारायची. एका रविवारी ही शूर मंडळी खेळातल्या एका नदीपाशी आली. पुस्तकात त्या जागी फक्त "नदी. पलीकडे जायला नाव आहे" एवढंच होतं. भाऊजी सांगायला लागले, "नावेत एक म्हातारा नावाडी बसलाय..."

"नावाडी नाही, नाववाली आहे," ताई पेपरावर लाल रेघ ओढत म्हणाली. "आणि ती म्हणते, जोडे काढून बसा. नाव आत्ताच पुसलीये."

सगळे हसले. पण भाऊजींनी ते मानलं आणि त्या दिवसापासून नदी आली की सगळे ताईकडे बघायचे. नाववालीची वाक्यं तीच बोलायची. "बुडायचं असेल तर आधी सांगा, मागे एक जण न सांगता बुडाला, फार गैरसोय झाली." "भित्र्यांनी कडेला बसा, तुम्ही नीट धरून बसता. शूरांनी मध्ये." त्यांचा एक मित्र दातांचा डॉक्टर आहे. तो तर उगीचच नदीकडे वळायचा, मोहीम डोंगरात असली तरी.

मग ताई आजारी पडली आणि गेली. चाळिशीसुद्धा गाठली नाही तिने. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की नंतर ते स्वयंपाकघराचं दार मला बघवत नसे आणि भाऊजी ती खुर्ची तिथून हलवू देत नसत.

घरी आलं की काय करायचं हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. त्यांनी एक उद्योग काढला. खेळाची पुस्तकं एकेक पान करून संगणकात उतरवायची, म्हणजे खेळताना पुस्तकं चाळत बसायला नको. जागेचं नाव लिहिलं की तिथे कोण राहतं, काय बोलतं, किती जोराचं आहे, सगळं समोर यावं. कंपनीचंही असं काहीतरी होतं, पण ते त्यांच्याच कुलपात. त्यांच्या ॲपबाहेर त्यातला शब्द काढता येत नसे. भाऊजींनी आपल्या ॲपचं नाव ठेवलं पेटी. लिफ्टचे आराखडे वाचणाऱ्या माणसाला प्रोग्रॅम लिहिणं काही अगदीच परकं नसावं, पण शिकताना त्यांच्या नाकी नऊ आले. टंकता टंकता ते नदीपाशी पोहोचले. पुस्तकातली ती एक ओळ त्यांनी घातली आणि तसेच पुढे लिहीत गेले. नाववाली. वय, बांधा, स्वभाव, तिची वाक्यं, आठवतील तेवढी सगळी. दोन माझ्याकडून घेतली. फोनवर मी ती भरभर सांगून टाकत होते आणि ते पलीकडून म्हणत होते, "हळू सांग, लिहितोय."

पेटी त्यांनी फुकट ठेवली. दातवाल्याने आणखी कोणाला दिली, त्याने आणखी कोणाला, आणि बघता बघता कुठल्या कुठल्या गावात, आम्ही नावंही न ऐकलेल्या, माणसं तिच्यावर खेळायला लागली. ती सगळी एका चर्चेच्या पानावर आपल्या खेळाच्या गप्पा लिहायची. एक दिवस भाऊजींचा फोन आला. "ऐकलंस का? काल तिनं एका राजपुत्राला अर्ध्या नदीतून परत काठावर आणून सोडलं. तो तिला 'ए बाई' म्हणाला म्हणून."

आधी मला काही कळेना. कळलं तेव्हा मी माझ्या पार्लरच्या मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. बाहेर गिऱ्हाईक ओल्या डोक्याने बसलेलं होतं.

मग हे नेहमीचं झालं. तिने कोणाला झापलं, कोणाकडून भाडं न घेता कोडं घातलं, कोणाच्या गाढवाला नावेत घेतलं आणि मालकाला पोहत यायला लावलं. पुस्तकातलीच नाववाली म्हणून लोक तिला ओळखायचे. आमच्याकडे दूरच्या माणसाची खबर यावी तशी तिची खबर यायची. मला त्या खेळाचं ओ की ठो कळत नाही, पण त्या फोनची मी वाट बघायचे. भाऊजींना तर दुसरं काही नकोच होतं. कुठेतरी, कोणालातरी ती भेटत राहावी, एवढंच. "आज रविवार," ते म्हणायचे, "आत्ता कोणाच्या तरी घरी ती बोलत असेल."

आता हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते ऐका. कंपनीने आपली सगळी माहिती खुली करावी म्हणून सगळ्यात जास्त ओरडा भाऊजींनीच केला होता. हाताने टंकलेल्या पेटीत चुका राहायच्या, एखाद्या राक्षसाला एक शून्य जास्त लागून तो अख्खी टोळी गिळायचा. शिवाय नवी पुस्तकं येतच होती आणि भाऊजींची बोटं थकली होती. ते कंपनीला पत्रामागून पत्र पाठवायचे. आम्ही पुस्तकं विकत घेतलीत, त्यातली माहिती आमच्या ॲपांना वाचू द्या, यात तुमचंच भलं आहे. कंपनी ढिम्म. मी म्हणायचे, "कशाला दगडावर डोकं आपटताय?" ते म्हणायचे, "दगड झिजतो."

आणि खरंच झिजला. कंपनीने जाहीर केलं की सगळ्या पुस्तकांची माहिती खुली, कोणीही आपलं सॉफ्टवेअर तिला जोडावं. चर्चेच्या पानावर नुसता जल्लोष. लोकांनी भाऊजींना डोक्यावर घेतलं. त्यांनीही आनंदाच्या भरात लगेच पेटी कंपनीच्या माहितीला जोडली. हाताने टंकलेलं सगळं काढून टाकलं, चुकांसकट, आणि अस्सल भरलं. पेटी वापरणाऱ्या सगळ्यांकडे ती नवी माहिती आपोआप पोहोचली. पाठोपाठ दुसऱ्यांचीही नवी, देखणी ॲपं आली, त्याच माहितीवर चालणारी.

दोनेक आठवडे गेले. भाऊजींचा फोन नाही. मीच केला. "काय म्हणते आपली?"

"कळलं नाही गं काही इतक्यात," ते म्हणाले. "विसरले असतील लिहायचं."

त्यानंतर एक दिवस भर दुपारी ते पार्लरमध्ये आले. बायकांच्या पार्लरमध्ये एरवी ते दारातूनच हाक मारायचे. त्या दिवशी सरळ आत येऊन आरशासमोरच्या खुर्चीत बसले. हातांना ग्रीस तसंच.

"ती पुस्तकात नव्हती," ते म्हणाले.

"कोण?"

"कोणीतरी कंपनीला विचारलं, नदीवरची नाववाली कुठे गेली. कंपनीने उत्तर दिलं, अशी कोणी आमच्या कुठल्याच पुस्तकात कधी नव्हती." आरशात ते माझ्याकडे बघत होते. "मी विसरलो होतो. खरंच सांगतो, इतक्या वर्षांत मी विसरूनच गेलो होतो की ती पुस्तकात नाही. सगळं पुसताना मला वाटलं, ती असणारच की त्यात."

मला रागच आला. दुःखापेक्षा राग आधी येतो मला, ताईही म्हणायची. "मग घाला परत! तुमची पेटी, तुमचा हात, कोणी अडवलंय?"

"येईल घालता. पण आता वेगळ्या कप्प्यात घालावी लागेल. पुस्तकाबाहेरचं, घरगुती, ज्यांना पाहिजे त्यांनी खूण करून मागवावं असं. नियमच आहे तसा आणि बरोबर आहे, दोन्हींची सरमिसळ नको म्हणून मीच पत्रात मागितला होता. आणि खाली लिहायचं की ही खरी नाही, मी बनवलेली आहे."

"मग लिहा ना."

"तू लिहिशील?"

मी टॉवेल घेऊन त्यांच्या हातांचं ग्रीस पुसायला लागले. शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने आपलाही टॉवेल पुढे केला, बिचारीला काही समजलेलं नव्हतं तरी.

त्यानंतर भाऊजींनी खेळणं सोडलं. रविवारी ते कामावर जायला लागले. मला त्यांचे फोन आठवायचे आणि मी आपली गिऱ्हाइकांची डोकी धुवायचे. ताई गेली तेव्हा रडायला घरभर माणसं होती. या वेळी सांगणार कोणाला, आणि काय म्हणून?

शेवटी दातवाल्याने पुढाकार घेतला. खेळण्यांच्या एका दुकानाच्या मागच्या हॉलमध्ये नवी ॲपं दाखवायचा कार्यक्रम होता आणि माहिती खुली करा म्हणून भांडलेला माणूस तिथे हवाच, असा त्याचा हट्ट. भाऊजी नाही म्हणाले. मी त्यांना जवळजवळ ओढून नेलं. हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येकावर फासे आणि टॅब्लेट, आणि गोंगाट शाळेच्या मधल्या सुट्टीसारखा. एका टेबलावर औषधांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी सूत्रधार होती. एक खुर्ची रिकामी होती. दातवाल्याने भाऊजींना धरून तिथे बसवलं, ओळख न सांगता. मी मागे उभी राहिले.

खेळ बराच पुढे गेला. भाऊजींच्या वाट्याला एक वाटसरू आला होता. ते फारसं काही करत नव्हते. विचारलं तर म्हणायचे, "मी चालतो."

"पुढे नदी," औषधवाली म्हणाली.

"नाववाली आहे ना?" टेबलावरच्या एकाने विचारलं.

"आहे तर." तिने टॅब्लेट पालथा घातला. "यात तिची नोंद दिसत नाही. म्हणतात कधी नव्हतीच. म्हणेनात का! आम्ही बसलोय की तिच्या नावेत."

भाऊजींची मान वर झाली. मी त्यांच्या खुर्चीची पाठ धरली.

"नाव काठाला लागते," ती सांगू लागली. "नाववाली हळूहळू उठते, एक हात कमरेवर. केस आता सगळे पांढरे झालेत."

त्या मुलीला मध्येच थांबवावंसं वाटलं मला. ताईचे केस मी कापलेत. तिच्या डोक्यात एक पांढरा केस मी बघितला नाही, तेवढा वेळच मिळाला नाही तिला. पण भाऊजी पुढे वाकले होते.

"पांढरे?" त्यांनी विचारलं. "कधी झाले?"

"आमच्याकडे खूप वर्षं आहे ना ती, काका. आम्ही कॉलेजात असताना पहिल्यांदा भेटली. आता आमच्या टेबलावर दोघांना पोरं झालीत. तिला एकटीला तरुण ठेवणं बरं दिसेना."

"गुडघे दुखतात का तिचे?"

मुलीला गंमत वाटली असावी, पण ती हसली नाही. "दुखतात. कबूल नाही करत. विचारलं तर म्हणते, नाव जुनी झालीये, मी नाही."

हे वाक्य ताईचं नव्हतं. आमच्यापैकी कोणीच ते दिलेलं नव्हतं. तरी मला ते तिच्या तोंडून ऐकू आलं आणि माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

"डोळे?"

"चष्मा लागलाय. दोरी लावून गळ्यात अडकवलाय, नाहीतर नदीत पडतो."

भाऊजी एकेक उत्तर मान हलवून घेत होते, परगावाहून आलेल्या माणसाकडे आपल्या माणसाची चौकशी करावी तसे. खाणंपिणं नीट आहे का, थंडीत अंगावर काय घेते, अजून भांडते का. टेबलावरच्या कोणीच घाई केली नाही.

"एकटीच असते?" त्यांनी शेवटी विचारलं.

"एकटीच," मुलगी म्हणाली. "काका, बाकीचे नावेत बसलेत. तुम्ही कुठे बसताय?"

"मी नाही बसत," भाऊजी म्हणाले. "तिला म्हणावं, तू बस आता. वल्हं मी घेतो."

मुलीने फासे त्यांच्यापुढे सरकवले. "बघा हं. ती सहजासहजी देणार नाही."

"ठाऊक आहे मला," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी फासे उचलले.