वाढत्या अंगाची लिली

शाळेचे गणवेश शिवणारे आमचे शिंपीकाका. बेताचं असं त्यांनी कुणालाच कधी शिवलं नाही, सगळं वाढत्या अंगाचं. काकूची साठी उलटली तरी तिच्या बाह्यांत चार बोटं कापड दुमडलेलं.

"आता कशाला?"

"असू दे गं. कुणाचं काय सांगावं."

मग त्यांनी आफ्रिकन लिली आणली. पाकिटावरच्या चित्रात दांड्यावर निळ्या फुलांचा टपोरा गोळा, घरात मात्र नुसती पट्ट्यांसारखी पानं. फूल आलं नाही, की काका कुंडी वाढवायचे. कुंडीतून बादलीत, बादलीतून पिंपात, शेवटी आंघोळीच्या टबात. काकू टबाशेजारी उभी राहून, लिलीकडे पाठ करून अंगावर तांबे घ्यायची.

"हिला टबातून काढा, नाहीतर मी निघाले बहिणीकडे."

"अगं, तू कुठेही मावशील. तिची मुळं बघ जरा."

काकूने खरंच बॅग काढली, तेव्हा काका टबाहून मोठं काही मिळतंय का बघायला रोपवाटिकेत गेले. तिथली बाई हातातली झारी खाली ठेवून हसली.

"टबात? अहो, ही अडचणीत फुलते. मुळांनी कुंडी तटतटली की दांडा काढते. मोकळी सोडलीत की बसते पसरत. आणि ऊन?"

"बाथरूमला खिडकी आहे."

"लहान कुंड्या घ्या आणि गच्चीत ठेवा."

काका कुंड्या घेऊन टबापाशी उकिडवे बसले. हात पुढे जाईना.

"काचेल गं तिला."

"सरका," काकू म्हणाली. गड्डा उपटून तिने सुरीने कापला आणि बोटांएवढी जाड, पांढरी मुळं कुंड्यांत कोंबली. काका भिंतीकडे तोंड करून दर कोंबण्याला "आई गं" म्हणत होते.

पहिलं वर्ष लिली रुसली. पुढच्या उन्हाळ्यात दांडा आला आणि एका सकाळी निळा गोळा उमलला. काका गच्चीतून धावत खाली आले. काकू टबात गळ्यापर्यंत पाण्यात होती.

"फुलली," ते दाराबाहेरून म्हणाले. "पण एका दांड्यावर किती गर्दी गं. एकमेकांना कोपरं लागतायत. दोन-चार काढून बाकीच्यांना जरा जागा..."

"कात्री खाली ठेवा."

बाहेर फरशीवर कात्री ठेवल्याचा आवाज आला, आणि काका पुन्हा वर बघायला गेले.