टवळी शहाणी झाली तेव्हा

माझी ताई घरीच कपड्यांना इस्त्री करून देते. पुढच्या खोलीत उंच टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, भिंतीशी कपड्यांचे गठ्ठे, आणि ताई दिवसभर एका पायावर भार देऊन उभी. गिऱ्हाईक कितीही तिरसट असो, ही आपली हसून ‘हो, होईल’ म्हणणार. आम्ही दोघी बहिणी, त्यातली ती शहाणी आणि मी तोंडाळ, असं आमच्या आईनं फार लवकर जाहीर करून टाकलं होतं.

अशा बाईनं मांजरीचं पिल्लू पाळलं, तेही नेमकं अवलादी! घडी घातलेल्या कपड्यांवर उडी, इस्त्रीच्या वायरीला लोंबकळणं, शर्टाच्या बाह्यांशी कुस्ती. नाव पडलं टवळी. दिवसभर ताईचा एकच जप, “टवळे, शहाणी हो गं जरा!”

आणि एक दिवस टवळी खरंच शहाणी झाली.

मी त्या दिवशी ताईचा डबा परत द्यायला गेले होते. पिल्लू टेबलाखालच्या टोपलीत पडलेलं, आणि ताई एकाच कॉलरवरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होती.

“अगं, कालपासून अशीच आहे ही.”

“काही खाल्लं का?”

“वाटी हुंगली नि तोंड फिरवलं. पण सकाळी एकदा शेपूट हलवलं.”

“हलवलं, की हललं?”

“तेच तर कळत नाहीये!” ताई रडकुंडीला आली. “हात लावून बघ ना. माझा हात सदा इस्त्रीपाशी, मला मेलं सगळं जगच गार लागतं.”

मी हात लावला. कान गार वाटले. पण मी नुकतेच हात धुतले होते, त्यामुळे गार कान होते की माझी बोटं, देव जाणे. मग भावोजींनी पेपर बाजूला ठेवून हात लावला आणि म्हणाले, “चांगली गरम आहे की!”

“तुमच्या हातात चहाचा कप होता,” मी म्हटलं.

“मांजर आहे ती. झोपणार नाही तर काय कवायत करणार?” म्हणून ते परत पेपरात शिरले. मला त्यांचा राग आला, पण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. मांजर झोपतंच ना? मग हे झोपणं वेगळं कशावरून?

“नेलं आणि डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, तर केवढं हसं होईल!” ताई म्हणाली. “आणि नाही नेलं तर...”

शेवटी मी एका पायजम्याची नाडी ओढली आणि टवळीच्या नाकासमोर नाचवली. एरवी या नाडीपायी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. तिनं नाडीबरोबर डोळे फिरवले, मान काही उचलली नाही.

“डोळे फिरवले, म्हणजे शुद्धीत आहे,” भावोजी म्हणाले.

कपडे न्यायला आलेल्या शेजारच्या काकू दारातूनच कौतुकानं म्हणाल्या, “अगंबाई, नाडीलासुद्धा हात लावत नाही! वळण लागलं हो. किती शहाणी झाली!”

ताईनं इस्त्री उभी ठेवली.

“काकू, लहानपणी मीपण अशीच शहाणी झाले होते. पाहुण्यांसमोर कोपऱ्यात गप्प बसून. आई सगळ्यांना सांगत होती, बघा कशी गुणी पोर, हूं की चूं नाही. डोळे पिवळे दिसले तेव्हा कुठे कळलं, कावीळ झाली होती मला.” मग माझ्याकडे वळली. “चप्पल घाल.”

डॉक्टरांनी विचारलं, “कधीपासून असं आहे?”

“शहाणी झाल्यापासून,” ताईच्या तोंडून निघून गेलं.

ते हसले नाहीत. त्यांनी टवळीचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. केसांत फुंकर मारून त्यांनी पिसवा दाखवल्या. एवढ्याशा जिवाचं रक्त पिऊन टाकलं होतं मेल्यांनी. “इतकं लहान पिल्लू दिवसभर खात नाही, खेळत नाही, म्हणजे वाट बघायची नाही,” ते म्हणाले. “उद्यावर ढकललं असतंत तर मी काही सांगू शकलो नसतो.”

“मला वाटलं, तुम्ही हसाल.”

“हसून घरी पाठवायला मिळालं तर बरंच असतं की हो.”

टवळीला त्यांनी ठेवून घेतलं. ती वाचते की नाही या घोरात ताईनं एक ओढणी जाळली. पण वाचली! घरी आल्यावर काही दिवसांतच ती पाण्याच्या भांड्यात पाय बुडवून एका पांढऱ्या शर्टावरून ऐटीत चालत गेली. मी तिथेच होते. ताई त्या ओल्या पंज्यांकडे बघत राहिली आणि हुंदका देऊन म्हणाली, “वेडी गं माझी ती!” मग पुन्हा शर्ट पसरून इस्त्री करायला लागली, तशीच, एका पायावर भार देऊन.

माझ्या मनात काहीतरी खटकलं.

“ताई, तू कशी आहेस?”

“मी? मी बरी आहे की.”

“बरी आहेस, की शहाणी झाली आहेस?”

इस्त्री थांबली.

“गुडघा,” ती म्हणाली. “उभं राहवत नाही गं. कधीपासून.”

भावोजींचा पेपर खाली आला. “अगं, मग बोलली का नाहीस?”

ताईनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

“चप्पल घाल,” मी म्हटलं.