टेपवरचा हुंकार

मेधा गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या कानात तिचाच आवाज चालू होता. हेडफोन लावून मी तिनं रेकॉर्ड केलेली एक टेप ऐकत बसले होते. फोन शुगर लँड गावाहून, तिच्या काकूंचा... गणपतीला त्यांच्याकडे निघाली होती, हायवेवर ट्रकनं गाडी उडवली. फोन ठेवला, पण टेप बंद करायचं भानच राहिलं नाही. मेधा आपली खुशाल ‘हं... हं...’ करत होती.

इथं अमेरिकेत, प्लेनो शहरात आम्ही दोघी एकाच अपार्टमेंटमध्ये राहायचो आणि एकाच प्रोजेक्टवर राबायचो. घरी कोरियन बोलणाऱ्या शाळकरी मुलांचं बोलणं वयाप्रमाणे वाढतंय का, हे मोजायचं काम. शब्द नसलेलं चित्रांचं पुस्तक द्यायचं आणि मुलानं कोरियनमध्ये गोष्ट सांगायची. समोर बसायची मेधा. त्यासाठी ती कामापुरतं कोरियन शिकली होती. वाक्यं किती लांब, एकमेकांना कशी जोडलेली, हे आमची कोरियन मैत्रीण सुजिन तपासायची. मी मधल्या शांतता मोजायची. नियम कडक होता: मूल बोलत असताना ऐकणाऱ्यानं आवाज काढायचा नाही.

आणि मेधा पडली नागपूरची बडबडी! गोष्ट ऐकायची तर हुंकार द्यायचा, नाहीतर सांगणारा थांबतो, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. मी चिडायची, अगं बाई, सॅम्पल रिजेक्ट होतील ना! ती म्हणायची, हो गं, पुढच्या वेळी तोंड शिवून बसते. पुढच्या टेपवर पुन्हा ‘हं’ आहेच.

यूनाची टेप अशीच बाद झाली. यूना दुसरीतली, शाळेत कुणाशी अवाक्षर बोलायची नाही. पोरीला भाषाच येत नाही असं ठरवून तिला वेगळ्या वर्गात टाकायचं चाललं होतं. मेधापुढे मात्र ती घडाघडा बोलली होती, आणि शाळेला दाखवायला तेवढाच पुरावा होता. आमच्या प्रोजेक्टचे प्रोफेसर म्हणाले, नियम मोडलाय, टेप पुन्हा घ्या. मेधानं यूनाच्या आईला शब्द दिला होता, गणपतीहून आले की लगेच घेते...

शेवटी मीच बसले. गुण देणार सुजिन, म्हणून तिला समोर बसता येईना. पाठ केलेलं कोरियन वाक्य मी म्हटलं, पुस्तक पुढे सरकवलं आणि गप्प राहिले. यूना थोडं बोलली आणि थांबली. ते थांबणं काही संपेना. आता या पोरीची रवानगी नक्की, असं वाटलं. यूनानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“हं,” ती म्हणाली.

नाकातून, शेवटी जरासं वर उचललेलं... हुबेहूब मेधा. अंगावर सरसरून काटा आला. ऐकायचं कसं, ते ती मला दाखवत होती. गेला खड्ड्यात नियम. मीही “हं” म्हटलं, आणि यूना पानं उलटत बोलत सुटली.

पुढे सुजिन प्रोफेसरांशी भांडली. आमच्याकडेही गोष्ट अशीच ऐकतात, समोरचा गप्प बसला तर पोराला वाटतं तो रागावलाय, असं तिनं ठणकावलं. दोन्ही टेपा ग्राह्य धरल्या गेल्या. यूनाचं कोरियन वयाला अगदी साजेसं निघालं, ती आपल्या वर्गातच राहिली. मेधाला कधी सांगते असं झालं मला. जवळजवळ पळतच घरी आले, दार उघडलं, आणि मग आठवलं. तिथंच खाली बसून रडले.

परवा शांतता मोजायला यूनाची नवी टेप लावली. हुंकार देणारी मी आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी ऐकू येते ती मेधाच. पुन्हापुन्हा मागे घेऊन ऐकली... मोजायचं राहूनच गेलं.