डेमोच्या फोनात दिसलेली माणसं

मोबाइलच्या दुकानात डेमो काउंटरवर उभं राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून येऊन बसतात. मी आधी अमरावतीच्या दुकानात होते, आता अकोल्याच्या. लोकांना वाटतं, आमचे सगळे किस्से हसवणारेच असतील. काही आहेतही. पण काही असे आहेत, की मैत्रिणी म्हणतात, "बाई, दिवसाउजेडीच सांग!"

बडनेऱ्याचे एक रिटायर्ड रेल्वेवाले काका आले होते. झूम पाहायचा म्हणून दारातून समोरच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर फोन धरला. "वा! चष्म्यापेक्षा बरा हाय!" खूश होते. मग एकदम फोन खाली घेतला.

"ती खिडकीतली बाई मायाकडंच पाहून राहिली."

मी बाहेर पाहिलं. त्या मजल्यावर कधीपासून 'भाड्याने देणे आहे'ची पाटी. खिडक्या आतून पत्रे ठोकून बंद!

काकांनी फोन अलगद काउंटरवर ठेवला. "फोन चांगला हाय पोरी, पन दुसरा दाखव!"

*

एक नवीन जोडपं आलं. फोटोतला नको तो माणूस बोटानं पुसता येतो, हे मी त्यांना दाखवलं. मग काय, पोरगी खट्याळ! सेल्फी काढला आणि नवऱ्यालाच पुसून टाकलं. आम्ही सगळे हसतोय. नवरा गेला, मागची भिंत छान भरून आली, तिच्या खांद्यावरचा हात तेवढा राहिला.

"अहो, तुमचा हात काही जात नाही!" ती म्हणाली.

नवरा हसायचा थांबला. "माये दोन्ही हात तं खिशात होते."

*

आमचे शेठ मात्र कशानं हलत नाहीत. एक गिऱ्हाईक बोलून टायपिंग करून पाहत होतं. बोलून झालं, गप्प झालं. दुकानात आम्ही तिघंच, तिघंही गप्प. फोननं आपलं आपण पुढं लिहिलं : 'पाणी दे.'

गिऱ्हाइकाच्या तोंडचं पाणी पळालं. शेठ पुढे आले. "पाहा भाऊ, माइक किती बारीक पकडते!"

फोन खपला!

*

आणि हा किस्सा पातूरकडचे सुधाकरभाऊ आले तेव्हाचा. आईच्या हार्टचं ऑपरेशन ठरलेलं, डॉक्टर म्हणत होते, उशीर करू नका. पण म्हातारी हटून बसलेली. "दोन्ही पोरं समोर उभे राहतीन, तवाच दवाखान्यात येईन." धाकटा किसना भांडून घर सोडून गेलेला, त्याचा फोन बंद, पत्ता नाही. सुधाकरभाऊ सांगता सांगता डोळे पुसत होते.

आमच्याकडे घरी दाखवल्याशिवाय फोन कोणी घेत नाही. त्यांनीही डेमोच्या फोनवरून आईला व्हिडिओ कॉल लावला. मी सवयीनं सांगत होते, "भाऊ, यात शेजारी दुसरं माणूस येऊन बसलं ना, की कॅमेरा आपणहून रुंद होतो, दोघंही मावतात."

तेवढ्यात तो रुंद झाला.

मी तर काउंटरच्या अलीकडे होते. भाऊ स्टुलावर एकटे, बाजूला रिकामं स्टूल, मागे कव्हरं लटकवलेली भिंत.

"आला काय रे बाप्पा!" म्हातारीचा आवाज फुटला. नजर तिची चांगली, अजून सुईत दोरा ओवते. "किती वाळला वं माय! सुधाकर, तो जेवला काय?"

मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त रडू आलं. सुधाकरभाऊंनी शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"हो माय, जेवला."

"मंग अर्धाच काहून दिसते? सरक न जरासा, त्याले जागा दे."

सुधाकरभाऊ स्टुलावर बाजूला सरकले.

"हां, आता दोघंबी दिसता. चाला, कवा नेता मले दवाखान्यात?"

कॉल संपल्यावर मी खोक्यातला नवा फोन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्याला हातही लावला नाही. डेमोचा फोन दोन्ही हातांत धरून बसले होते.

"नवा नको, मॅडम. हाच द्या."