डॉक्टरले पाय कसा दाखवू?

पुण्यात एम.ए. करून राह्यली होती मी तवा. आरोग्य अन् तंत्रज्ञान धोरण, असा भारदस्त विषय! प्रबंधासाठी मी दिग्रसजवळचा आपलाच तांडा निवडला. वाटलं, घरची माणसं, खरं बोलतीन. कायचं काय, राजेहो! माहेरी आलेल्या लेकीच्या कानावर दुखणी घालाची नाई, ही आमच्या तांड्याची रीत. पुस्तकं वाचता वाचता मी तेच विसरली.

उपकेंद्रात नवीन टॅबलेट आला होता. नर्सबाई तो टेबलावर उभा कराची, अन् शहरातला डॉक्टर त्यात दिसाचा. लोकाईले ते कसं वाटते, हे मले लिहाचं होतं. पहिलाच नंबर माह्या काकीचा. तिले शुगर होती.

डॉक्टरनं इचारलं, "आजी, काही तरास?"

काकीनं पदर सारखा केला, हात जोडले. "सब ठीक हाय, साहेब."

दोन मिनिटांत डॉक्टर गेला बी. तिच्या डाव्या पायाले फडकं बांधलेलं मले दिसत होतं. म्हटलं, "काकी, हे काय वं?"

"पऱ्हाटीत कापूस येचता येचता काटा भरला. तू लिही तुहं."

"मंग दाखवला काहून नाई?"

"बापा! डॉक्टरच्या तोंडासमोर पाय करू?"

ती हसली. मीही हसली. हसली मी! नर्सबाई दारातच उभी होती, तिले एक शब्द सांगतला नाई. प्रश्नावलीत पायाचं काहीच नव्हतं. सल्ल्यानं समाधान झालं का, एवढंच होतं. 'पूर्ण समाधानी'वर खूण केली अन् पुण्याची गाडी धरली.

दिवाळीले गेली तं काकी बाजेवर. डावा पाय घोट्यापासून कापलेला. जखम लवकर दाखवली असती तं पाय वाचला असता, असं यवतमाळच्या डॉक्टरनं म्हटलं होतं. मी पाया पडाले वाकली. काकीनं उजवा पाय पुढं केला.

"एकावरच भागव आता, बाई."

मले रडू आवरेना. "माही चूक झाली वं, काकी."

"तुही कायची चूक? तू पास झाली ना?"

झाली होती. 'डॉक्टरच्या तोंडासमोर पाय करू?' हे तिचं बोलणं मी प्रबंधात जसंच्या तसं टाकलं होतं. सरांनी ते भर वर्गात वाचून दाखवलं, अन् सगळ्यांनी माही वाहवा केली. काकीले मी हे अजून सांगतलं नाई.