मांगरातले राखणदार

गिरणीत आजारी पडलेला माणूस कोकणच्या हवेनं बरा होतो, असं कुणी म्हणालं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मुंबईचे गिरणीमालक तेच म्हणायचे, मुकादम तेच म्हणायचे आणि आमच्या हातखंब्याजवळच्या गावातले शहाणेही मान डोलावून तेच म्हणायचे. नुसती हवा खाऊन माणसं उठत असती तर आमच्या वाडीत पांढऱ्या कपाळाच्या इतक्या बाया दिसल्या नसत्या.

माझा नवरा साचेखात्यात होता, म्हणजे मागावर कापड विणायचा. चारचौघांत मी त्याला 'हे' म्हणत असे. इथे नवरा म्हणते. रागावलेल्या बाईला एवढी सूट असावी. त्या साली शिमग्याला तो आगबोटीनं रत्नागिरीला आला तो खोकतच. आगबोटीतून माणसं किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून धक्क्यावर उतरवायला दोघांना धरावं लागलं. खोकल्याबरोबर पंच्यावर रक्त दिसायचं, तेव्हा काय झालंय ते सांगायला वैद्याची गरज नव्हती.

आमच्याकडची रीत अशी, की माणूस आजारी पडला की त्यानं गाव गाठायचं आणि त्याच्या जागी भावाला बदली म्हणून उभं करायचं. म्हणजे साचा, गिरणीतला तो माग, घरातच राहतो. माझा धाकटा दीर तसा उभा होता. मुकादमाला सांगितलं होतं, थोरला आंब्याच्या राखणीला गावी गेलाय. छातीचं दुखणं आहे असं कळतं, तर त्यानं दोघांनाही काढलं असतं आणि आमच्या गावच्या माणसांना पुन्हा दारात उभं केलं नसतं. म्हणून सगळं गाव एकजुटीनं खोटं बोलायचं. त्या खोट्याची उस्तवार मात्र आम्हा बायकांकडे. मऊ भाताची आटवल शिजवा, पंचे उकळा, पाठ चोळा आणि कुणी विचारलं तर हसून सांगा, सगळं बरं आहे.

त्याच सुमारास बातमी आली, की गिरणीकामगारांना आजारपणाचा विमा सक्तीचा करायचं चाललंय. पगारातून थोडं कापायचं, मालकानं थोडं घालायचं आणि माणूस पडला की औषध आणि निम्मा पगार मिळायचा. पुरुष खवळले. "धडधाकट मानसानं आजाराची पट्टी भरायची? ह्यो कुठला न्याय?" असं म्हणत देवळात विड्या फुंकत बसले. माझ्या घरात तेव्हा औषधापायी दुभती म्हैस गेली होती, माझ्या हातातल्या पाटल्या गेल्या होत्या. मला तो विमा हवा होता, अगदी हावरटासारखा हवा होता.

असा विमा आणला तर घरादारावर काय परिणाम होतील, पैशांचे आणि माणसांचे, हे बघायला एक साहेब गावोगाव फिरत होते. आमच्याकडे ते येणार असं कळलं आणि गावकरानं, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्यानं, फर्मान काढलं, की एकही आजारी माणूस साहेबाच्या नजरेला पडता कामा नये. बातमी फिरत फिरत मुकादमाच्या कानावर जाईल ही भीती. मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, बघायलाच येतायत तर यांना दाखवा की."

"आनि धाकट्याचा साचा गेला तर खायचं काय गो? तू गप ऱ्हा."

सकाळीच सगळ्या आजाऱ्यांना वर कातळावर, आमराईच्या राखणीसाठी बांधलेल्या मांगरात नेऊन ठेवलं. माझ्या नवऱ्याला त्याच्या एका चुलतभावानं पाठीवर घेतलं. तो इतका हलका झाला होता, की त्या पोराला दमसुद्धा लागला नाही.

साहेब देशावरचे होते, बोलायला सभ्य. देवळात चटईवर बसून त्यांनी विचारलं, "गिरणीतला माणूस आजारी होऊन आला, तर त्याचा खर्च कोण करतं?"

"खर्च कसला साहेब?" गावकर म्हणाला. "घरचा भात हाय, विहिरीचं पानी हाय. आनि आमच्या गावात कुनी आजारी नायच."

"आणि शुश्रूषा?"

"ती काय, बायका करतात."

साहेबांनी मान हलवली. बायका करतात म्हणजे फुकट होतं, असा त्या मान हलवण्याचा अर्थ मला स्पष्ट दिसला. मी शहाळी घेऊन गेले होते. ती तिथेच खाली ठेवली आणि सासऱ्यांच्या समोर, डोईवरचा पदर न सावरता म्हटलं, "साहेब, वर मांगरात चला. सगळे आजारी तिथं आहेत."

गावकर हसून म्हणाला, "नवरा जवळ नसतो, पोरीचं डोकं फिरलंय." पण साहेब उठले. भर उन्हात कातळ चढून आले, हे त्यांच्याबद्दल चांगलं सांगायलाच हवं. मांगरात सगळे ओळीनं पडले होते. साहेब माझ्या नवऱ्याजवळ वाकून म्हणाले, "माझी मोटार हमरस्त्यावर उभी आहे. आजारी असाल तर आत्ता तुम्हाला रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात नेतो."

माझा नवरा कुडाला धरून उठून बसला. खोकला गिळून, पंचा मांडीखाली सारून हसला आणि म्हणाला, "आजारी? नाय साहेब. आमी आंब्याची राखन करतो."

बाकीचेही म्हणाले, राखण करतो. साहेबांनी एकदा बाहेरच्या थोड्याशा कलमांकडे पाहिलं, एकदा आतल्या गर्दीकडे. त्यांना कळलं असणार. पण तोंडानं नाही म्हणणाऱ्याला उचलून थोडंच नेता येतं? "राखण बरीच आहे," एवढं म्हणून ते उतरले.

"अहो, खोटं का बोललात?" मी ओरडले. सगळ्यांच्या देखत ओरडले.

"धाकट्याचं लगीन झालंय गो आत्ताच," तो म्हणाला. "साचा गेला तर त्यांनी काय करायचं?" आणि पाणी मागितलं.

आंबा उतरायच्या आत तो गेला. दवाखान्यात वाचला असता की नाही, देव जाणे. तो विमाही त्या वर्षांत आला नाही. दिराचा साचा राहिला, जावेचा संसार उभा राहिला. भावासाठी त्यानं जीव दिला, असं गाव आजही कौतुकानं सांगतं. दिला, मी नाही कुठे म्हणते? पण त्याच्या जिवावर माझंही आयुष्य उभं होतं, आणि ते देऊन टाकताना त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही.